शांत कासव आणि आजारी कासव



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ५८.

कासवाचा श्लोक आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कासव जसं सगळीकडून आपले अवयव आत ओढून घेतं, तसा जो इंद्रियांना विषयांपासून आवरून घेतो, त्याची बुद्धी स्थिर झाली असं समजावं, एवढाच त्याचा भावार्थ. लहानपणी पाठांतर स्पर्धेत मी हा खणखणीत म्हटलाय. पण तो खरा समजला गेल्या पंधरा दिवसांत, आणि तोही एका हट्टामुळे.

आमची चिऊ सात वर्षांची आहे. तिला कासव हवं आहे. शाळेतल्या एका मैत्रिणीकडे आहे म्हणे. दोन दिवस मी "बघू" म्हणून टाळलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, तुझ्याकडे पण होतं ना? आजी सांगत होती."

हो, होतं. आणि त्याच्याबद्दल मी आजवर कुठेच लिहिलेलं नाही.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. पुण्यात तिघांत एक खोली. एका मत्स्यालयाच्या दुकानातून मी रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं, हिरवंगार, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं पिल्लू आणलं. दुकानदार म्हणाला, "एवढंच राहतं, काही करावं लागत नाही." काचेचा वाडगा, चार रंगीत खडे, वाळवलेल्या कोळंबीची डबी. नाव ठेवलं बंड्या.

पहिले काही आठवडे बंड्या खरंच बंडखोर होता. दिवसभर काचेवर पंजे मारायचा. मग थंडी सुरू झाली आणि तो हळूहळू निवांत झाला. हातपाय आत, मान आत, डोळे मिटलेले. मला इतकं कौतुक! वाड्याच्या मागे भिंतीवर मी हाच श्लोक एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून लावला. मित्र आले की म्हणायचो, "हा बघा आमचा स्थितप्रज्ञ." सबमिशनच्या गडबडीत जानेवारीत एका सकाळी पाहिलं, तर स्थितप्रज्ञ गेलेला होता.

त्या वेळी वाईट वाटलं, पण "आयुष्य तेवढंच असेल" म्हणून विषय संपवला. आता चिऊसाठी नीट वाचायला बसलो, तेव्हा एकेक गोष्ट कळत गेली आणि घशाशी आवंढा आला.

बंड्या हा अमेरिकेतला पाणकासव. त्याच्या जातीची मादी वाढून फूटभर होते आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं सहज जगते. कासवाचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. अंग तापवायला त्याला पाण्याबाहेर कोरडी जागा आणि तिथे तीस-बत्तीस अंशांची ऊब लागते. पुण्यात हिवाळ्याच्या रात्री पारा दहा-अकरावर येतो. तेवढ्या थंडीत त्याला अन्नही पचत नाही. कवच घट्ट राहायला कॅल्शियम लागतं, आणि ते अंगी लागायला उन्हातले अतिनील किरण लागतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उजेड देतं, पण हे किरण काच बहुतेक अडवते. नुसत्या कोळंबीवर ठेवलं तर जीवनसत्त्व अ कमी पडतं आणि डोळे सुजून मिटतात.

म्हणजे मी ज्याला ध्यान समजत होतो, ते सुजलेले डोळे होते. ज्याला वैराग्य समजत होतो, ती थंडी होती.

हे सगळं मी चिऊला तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "पण बाबा, तो शांत होता की आजारी होता, हे तुला कळलं कसं नाही?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर शोधत मी पुन्हा श्लोकाकडे गेलो.

ज्ञानेश्वर माउली या श्लोकावर बोलताना एक बारीक गोष्ट सांगतात, ती मी इतकी वर्षं वाचूनही वाचली नव्हती. माउलींचं कासव आधी अवयव पसरतं. खुशीत असलं की पसरतं, आणि स्वतःच्या इच्छेने आवरून घेतं. दोन्ही त्याच्या हातात आहे. इंद्रियं त्याचं ऐकतात. श्लोकातला दृष्टांत या "इच्छेने" शब्दावर उभा आहे.

भीतीने, थंडीने, दुखण्याने आत गेलेलं कासवही बाहेरून अगदी तसंच दिसतं. पण ते आवरणं नाही, ते आक्रसणं आहे. लगेच पुढच्या ५९व्या श्लोकात भगवंत हीच सूचना देतात: उपाशी राहणाऱ्यापासून विषय दूर जातात, पण त्यांची गोडी आत तशीच उरते. ती गोडी जाते परमतत्त्वाचं दर्शन झाल्यावरच. बाहेरून दरवाजा बंद दिसला म्हणजे घरात शांतता आहे असं नाही.

कासवाच्या शरीरातली एक गोष्ट मला यात फार आवडली. आपली फुप्फुसं त्या टणक कवचातच असतात, त्यामुळे झटकन अंग आत घ्यायचं तर आधी आतली हवा बाहेर सोडावी लागते. कासव दचकलं की "फुस्स" आवाज येतो, तो त्याचाच. काहीतरी सोडल्याशिवाय त्यालाही आत जाता येत नाही! आपण मात्र ऑफिसचा राग, मत्सर, हिशेब सगळं छातीत भरून घेतो, हेडफोन लावतो आणि म्हणतो, मी इंद्रियं आवरली.

आता खरा मुद्दा. आपल्या वयाची बरीच मंडळी हा श्लोक "डिटॅच व्हा" एवढ्या अर्थाने वापरतात. मीही वापरला. आमच्या टीममध्ये एक ज्युनिअर होता. कॉलवर एक शब्द बोलायचा नाही, दिलेलं काम गुपचूप करायचा. मी रिव्ह्यूमध्ये लिहिलं, "शांत आणि समजूतदार." दोन महिन्यांनी तो दीर्घ रजेवर गेला, तेव्हा कळलं की तो कित्येक आठवडे झोपलाच नव्हता. बंड्याचीच गोष्ट. भिंतीवरची चिठ्ठी तेवढी बदलली होती.

संतांनी कासवाचा दुसरा एक दृष्टांत वारंवार दिलाय. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने वाढवते, तशी देवाची कृपादृष्टी. प्राणिशास्त्र म्हणतं, कासवी अंडी पुरून निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. खरं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी अशाच अंडी घालून समुद्रात परततात. पण तिथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी त्या घरट्यांवर नजर ठेवायला सुरुवात केली. अंडी कुंपणात सुरक्षित ठेवायची, पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडायची. मला वाटतं, संतांची कासवी तिथे वाळूत रात्र काढणाऱ्या माणसांच्या डोळ्यांत आहे. नजरेने वाढवणं म्हणजे हेच. रोज बघणं.

गीतेतलं कासव स्वतःकडे कसं वळावं ते शिकवतं. संतांची कासवी दुसऱ्याकडे कसं बघावं ते शिकवते. दोन्ही लागतात. इंद्रियं आवरायची आपली, पण जो जीव आपल्यावर अवलंबून आहे त्याच्यावरची नजर आवरायची नाही.

बरं, चिऊच्या कासवाचं काय झालं? तुमच्यापैकी कुणाच्या मनात कासव आणायचं असेल, तर हे वाचाच.

नात्यातल्या एकांनी उत्साहाने फोन केला, "पाठीवर चांदण्या असलेलं मिळवून देतो. वास्तूसाठी फार शुभ." मी हात जोडून नको म्हटलं. ते भारतीय तारा कासव. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ते पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे, तुरुंगवास होऊ शकतो. आपल्या तळ्या-ओढ्यांतल्या कासवांनाही हा कायदा लागू आहे. तस्करी इतकी की २०१९ मध्ये तारा कासवाला आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत टाकावं लागलं. पकडून, पोत्यात भरून आणलेला जीव घरात लक्ष्मी कशी आणेल? ज्या भगवंताने कूर्म होऊन मंदराचल पाठीवर पेलला, त्याच्याच रूपाला आपण डब्यात कोंडून शुभ मागायचं, हे काही पटत नाही.

परदेशी जातीचं, बंदिवासात जन्मलेलं कासव घेणार असाल, तर आधी जात विचारा, मग वाढल्यावरचा आकार. तळहातावर मावणारं आफ्रिकन सुल्काटा पुढे चाळीस-पन्नास किलोंचं होतं! पावती आणि जन्माचे कागद मागा. अनेक विदेशी जातींची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. जीव निवडताना डोळे उघडे आणि स्वच्छ, नाकातून बुडबुडे नाहीत, कवच घट्ट, आणि उचलल्यावर पाय जोरात मारतंय ना, हे बघा. निपचित पडलेलं "गोड, शांत" पिल्लू निवडू नका. मी तेच केलं असतं.

जमिनीवरच्या कासवाला काचेची टाकी नको. आरपार दिसतं म्हणून ते दिवसभर काचेला धडका देतं. न दिसणाऱ्या भिंतींची, ऐसपैस, बसकी पेटी हवी. तळाला माती आणि नारळाच्या काथ्याचा भुसा, एका टोकाला उबेचा दिवा, दुसऱ्या टोकाला गारवा, लपायला आडोसा, पाण्याचं उथळ ताट, अतिनील किरणांची नळी (ती वर्षभरात बदलायची, दिसायला चालू असली तरी किरण कमी होतात). खायला गवत, पाला, कॅल्शियम. दूध-भात, पोळी, पाव नाही. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, कारण कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. आणि सरपटणारे प्राणी बघणारा पशुवैद्य शहरात आहे ना, हे आधी शोधायचं. कवचावर रंगकाम तर कधीच नाही. ते कवच त्याच्या कण्याचा आणि बरगड्यांचाच भाग आहे, त्याला स्पर्श कळतो.

मी हॉलमध्ये खडूने आठ फूट बाय चार फूट आखलं. म्हटलं, "चिऊ, ही त्याची जागा. आपण आठवडाभर यातून चालायचं नाही." दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये काय हाल झाले, विचारू नका. बायको दोनदा चहा घेऊन अडखळली. मग मी विचारलं, "तू पस्तीस वर्षांची होशील तेव्हाही ते असेल. मग कुणाकडे?" चिऊने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "मग आत्ता नको. पण मला बघायला तर ने."

म्हणून या मार्चमध्ये वेळासला जायचं ठरलंय.

एक कबुली अजून. कंटाळून पाळलेलं पाणकासव तळ्यात सोडणं म्हणजे मुक्ती देणं नव्हे. बंड्याची जात जगातल्या सर्वांत घातक आक्रमक प्राण्यांच्या यादीत आहे, आपल्या कासवांची जागा आणि अन्न ती हिसकावते. तुमच्याकडे असलं तर सोडू नका, नीट सांभाळा किंवा जबाबदार हातांत द्या. देशी कासव संकटात किंवा विक्रीला दिसलं तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पुढच्या वेळी महादेवाच्या देवळात जाल, तेव्हा नंदीजवळच्या दगडी कासवापाशी क्षणभर थांबा. आत जाण्याआधी इंद्रियं आवरायची, ही आठवण ते देतंच. मी मात्र आता त्याला नमस्कार करताना बंड्याची माफी मागतो.

आजचा अभ्यास : आपल्या घरात, टीममध्ये, मित्रांत हल्ली कोण "फारच शांत" झालंय? एक नाव मनात आणा. मेसेज नको, फोन करा किंवा जाऊन भेटा. "ठीक आहे" असं उत्तर आलं, तरी थोडा वेळ थांबा. कासव लगेच मान बाहेर काढत नाही.

जय हरी विठ्ठल!