समुद्र पाहायला गेल्यावर



परदेशातील सहल ही आता केवळ श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, सूनही कमावती असली, की आईवडिलांना एकदा विमानात बसवावे असे त्यांना वाटते, आणि ते योग्यच आहे. मराठी प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत मॉरिशसचे नाव हमखास असते. मुंबईहून विमानाने साधारण सहा तास. तुळजापूरहून एसटीने रत्नागिरीचा समुद्र गाठायलाही याहून जास्त वेळ लागतो!

तिथला पहिला दिवस बहुतेक ठरलेला असतो. राजधानी पोर्ट लुईस, टेकडीवरचा जुना किल्ला, किल्ल्यावरून दिसणारे बंदर, बंदराच्या काठी दुकाने आणि हॉटेले असलेला कोदाँ वॉटरफ्रंट. मग पाम्पलमूसच्या बागेतील परातीएवढी कमळाची पाने. संध्याकाळी ग्राँ बे येथील किनारा, निळे-हिरवे पाणी, पांढरी वाळू. रात्री घरी फोटो पाठवले जातात. दिवस छान गेला, यात शंका नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच, की त्या दिवशी त्या माणसाने काय पाहिले? आणि जे पाहिले नाही, त्याची काही जबाबदारी त्याच्यावर येते का?

कारण त्याच वॉटरफ्रंटपासून चालत जाण्याच्या अंतरावर काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. त्या जागेला पूर्वी ‘कुली घाट’ म्हणत, आता ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ साली झाला. उसाच्या मळ्यांना माणसे तर हवीच होती. म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायचे ठरले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज अशा ३६ मजुरांना घेऊन तेथे पोहोचले. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे त्या बेटावर उतरली. पायऱ्या चढून वर आल्यावर नाव, बापाचे नाव, गाव, जात लिहून घेत, क्रमांक देत आणि दोनेक दिवसांत मळ्यावर पाठवीत. सुरुवातीच्या करारात पुरुषाला महिन्याला पाच रुपये आणि शिधा असे. एक दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. २००६ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

या मजुरांत आपली माणसेही होती. मुंबई बंदरातून गेलेले पुष्कळसे लोक रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणपट्टीतील होते. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. घरात क्रियोल बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. हॉटेलात चादर बदलणारी बाई किंवा आपली गाडी चालवणारा गृहस्थ कदाचित यांच्यातलाच असेल. आपण त्याच्याशी मोडक्या इंग्रजीत बोलतो आणि तो आपल्याशी मोडक्या हिंदीत.

आता यावर एक रास्त आक्षेप आहे. एखाद्या मास्तरांनी तीस वर्षे खडू झिजवला, निवृत्तीच्या पैशांतून चार दिवस बायकोला समुद्र दाखवायला नेले, तर त्यांच्या आनंदात हा जुन्या दुःखाचा खडा का टाकायचा? जगात अशी कोणती सुंदर जागा आहे, जिच्याखाली कोणाचा घाम नाही? असे मोजत बसलो तर माणसाने घराबाहेर पडूच नये.

मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. सुंदर वस्तू पाहून आनंद होणे हे पाप नाही. संत थॉमस अक्विनास यांच्या विचारात तर सौंदर्य ओळखायचे ते त्याच आनंदावरून. समुद्राचा निळा रंग कोणा मळेवाल्याने दिलेला नाही. तो पाहून ज्याच्या तोंडून आपोआप देवाची स्तुती निघते, त्याला अडवणारे आपण कोण? शिवाय दुःखाच्या जागी जाऊन दोन अश्रू गाळणे आणि जेवायला उठणे, यातही एक प्रकारची चैन असू शकते. मला त्या रडण्याचा फारसा भरवसा वाटत नाही.

पण याच संत थॉमसने जाणून घेण्याच्या इच्छेचे दोन प्रकार मानले आहेत. एक अभ्यासू वृत्ती, जी सद्गुण आहे. दुसरे नुसते कुतूहल. ते डोळ्यांना चाळवते आणि पुढच्या वस्तूकडे नेते, मनाला कोठे पोहोचवत नाही. सेमिनरीत असताना हा भेद मला फार बारीक, जवळजवळ व्याकरणासारखा वाटे. सहलीच्या बसकडे पाहिले की तो अगदी जाडजूड दिसतो. जे दाखवण्यासाठी मांडून ठेवले आहे तेवढेच पाहणाऱ्याला ‘दाखवले’ गेले. त्याने पाहिले असे म्हणता येत नाही. आणि पहिल्या दिवसाचे महत्त्व हेच, की त्या दिवशी डोळे ताजे असतात. तिसऱ्या दिवशी चादर बदलणारी बाई आपल्याला भिंतीसारखी होऊन जाते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आठवा. त्या रस्त्याने जाणारे तिघेही प्रवासी होते, आणि लूकचे शुभवर्तमान नीट वाचले तर तिघांनीही जखमी माणसाला पाहिले. दिसण्यात काही फरक नव्हता. याजकाची नजर अधू होती असे कोणी म्हणत नाही.

पोर्ट लुईसच्याच बंदरात १८४१ साली एक फ्रेंच धर्मगुरू उतरले, फादर जाक देझिरे लावाल. मूळचे ते डॉक्टर. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांकडे शहरातील प्रतिष्ठित मंडळी माणूस म्हणून पाहत नसत. फादरांनी त्यांची क्रियोल भाषा शिकून घेतली आणि उरलेले आयुष्य त्यांच्यातच काढले. ९ सप्टेंबर १८६४ रोजी ते वारले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली त्यांना धन्यवादित घोषित केले. दरवर्षी सप्टेंबरात त्यांच्या कबरीपाशी ख्रिस्ती लोकांबरोबर हिंदू आणि मुसलमानही मोठ्या संख्येने जातात. भाषा शिकणे ही गोष्ट मला इथे सर्वात मोठी वाटते. चार दिवसांच्या पाहुण्याला भाषा शिकता येणार नाही. समोरच्याचे नाव आणि त्याच्या पणजोबांचे गाव विचारता येते.

हे आपल्याला समजायला जड जाऊ नये. आपण स्वतः अशाच गावात राहतो, जिथे लोक एका दिवसासाठी येतात. देवीचे दर्शन घेतात, कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ पाहतात, कवड्यांची माळ विकत घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. उन्हाळ्यात इथे घागर भरायला किती थांबावे लागते, हे त्यांना दिसत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. पण एखादा दुकानाच्या फळीवर टेकून ‘यंदा पाऊस कसा झाला?’ असे विचारतो, तेव्हा विकणाऱ्याचा चेहरा बदलतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

आणि ऊस तर आपल्याही दाराशी आहे. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून, शेजारच्या बीडमधून कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस पडून राहिले तर खाडा धरून पैसे कापतात. पोर्ट लुईसच्या करारातील कपात आपल्याला क्रूर वाटली असेल, तर हा शब्दही एकदा मोठ्याने उच्चारून पाहावा. ट्रॉलीत भांडी, सरपण, एखादी शेळी, वर लेकरे बसलेली. आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून ती जाऊ देतो.

मॉरिशसला मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. दीडशे वर्षांनी पणतू जाऊन आपल्या पणजीचे नाव वाचू शकतो. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात, आणि बाईचे नाव बहुधा वहीत नसतेच. ज्यांच्या शेजारी अशी घरे आहेत, त्यांनी ट्रॉली निघण्यापूर्वी एकदा तिकडे जाऊन यावे. शाळेत जाणारी मुले किती, आणि मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते हे त्या आईला कोणी सांगितले आहे का, एवढे विचारून यावे. तिचे नावही विचारावे.