लोखंडाचें ऋण

ज्या यंत्रानें माणसाची साठ-सत्तर वर्षें चाकरी केली, तें यंत्र निकामी ठरल्यावर त्याच्याविषयीं माणसाचें कांहीं कर्तव्य उरतें काय? प्रश्न ऐकतांच व्यवहारी मनुष्य हंसेल. यंत्रास भूक नाहीं, वेदना नाहीं, मानापमान नाहीं. तें आमच्यासाठीं झिजलें नाहीं, आम्हीं त्यास झिजविलें. त्याचें लोखंड वितळवून दुसरें कांहीं उपयोगी करावें आणि मोकळें व्हावें, यांत अधर्म तो कोणता? असें तो विचारील, आणि त्याचें म्हणणें वरवर पाहतां बिनतोड आहे. तथापि तोच मनुष्य आपल्या वडिलांचें बंद पडलेलें घड्याळ भंगारवाल्यास देत नाहीं.

वऱ्हाडांत हा प्रश्न केवळ वादविवादाचा राहिलेला नाहीं. वाशीम जिल्ह्यांतील कारंजा लाड या गांवावरून अडीच फूट रुंदीचा एक जुना रूळमार्ग जातो. मूर्तिजापुराहून कारंजा व दारव्हा यांवरून यवतमाळपर्यंत तो ११३ किलोमीटर आहे, आणि त्याची दुसरी शाखा मूर्तिजापुराहून अचलपुरापर्यंत ७६ किलोमीटर जाते. या मार्गावरील गाडीस लोकांनीं 'शकुंतला' असें गोड नांव दिलें. किलिक निक्सन या इंग्रज पेढीनें १९१० सालीं काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही मिळकत. देशांतील रेल्वे सरकारच्या झाल्या त्या वेळीं ही तेवढी कंपनीकडेच राहिली, आणि सरकारी रेल्वे मोबदला देऊन तीवर गाडी चालवीत राहिली. १९२१ सालीं मँचेस्टर येथें बांधलेलें झेड-डी जातीचें वाफेचें इंजिन १९२३ पासून या गाडीस जोडलें गेलें, तें १५ एप्रिल १९९४ पर्यंत. म्हणजे एकाहत्तर वर्षें. इतकी अखंड नोकरी आमच्या सरकारी खात्यांत कोणासही करूं देत नाहींत! पुढें डीझेलचें इंजिन आलें, आणि पुढें गाडीच थांबली. आतां या प्रदेशांत दोन इच्छा शेजारीं शेजारीं नांदत आहेत. मार्ग रुंद करून खरीखुरी गाडी द्यावी, ही एक. आणि जुनी शकुंतला जशीच्या तशी, शक्य तर वाफेच्या इंजिनासह, प्रवाशांच्या मौजेसाठीं पुन्हा चालवावी, ही दुसरी. या दुसऱ्या इच्छेच्या मुळाशीं जी भावना आहे, तिचा विचार येथें करावयाचा आहे.

निरुपयोगी झालेल्या सेवकाशीं कसें वागावें, याची चर्चा प्लूटार्कनें केटोच्या चरित्रांत केली आहे. केटो हा रोमचा मोठा काटकसरी गृहस्थ. म्हातारे झालेले गुलाम तो विकून टाकी. स्पेनच्या मोहिमेंत ज्या घोड्यावर तो बसला, तो घोडा परत आणण्याचा खर्च सरकारावर नको म्हणून त्यानें तेथेंच सोडून दिला. प्लूटार्क या काटकसरीस क्षुद्रपणा म्हणतो. न्याय हा माणसांपुरता असतो, परंतु दया आणि कृतज्ञता यांचें क्षेत्र त्याहून मोठें आहे, असा त्याचा अभिप्राय. अथेन्सकरांनीं देवालय बांधण्याच्या कामीं राबलेल्या खेचरांना मोकळें चरावयास सोडलें. त्यांतील एक खेचर आपण होऊन पुन्हा कामावर येई व जुंपलेल्या जनावरांच्या पुढें चाले, म्हणून त्यास मरेपर्यंत सरकारी खर्चानें पोसावें असा ठराव झाला, ही गोष्टही तो तेथेंच सांगतो.

आमच्याकडे या भावनेचा सण पोळा होय. वऱ्हाडांतील शेतकरी त्या दिवशीं बैलाच्या खांद्यास लोणी चोळतो, त्यास पुरणपोळी देतो, आणि जूं त्याच्या मानेवर ठेवीत नाहीं. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं आपण याच्याही पुढें जातों. त्या दिवशीं नांगर, तलवार, तराजू, सुताराचा वाकस, कारखान्यांतील यंत्र, सर्वांस झेंडूची माळ पडते. यास कोणी भोळेपणा म्हणेल. आम्हांस तें तसें वाटत नाहीं. पूजा करणाऱ्या सुतारास वाकसाला जीव नाहीं हें पक्कें ठाऊक असतें. आपल्या हातांतील कौशल्य एकट्या आपल्या हाताचें नाहीं, एवढेंच तो त्या दिवशीं कबूल करीत असतो. मात्र तोच शेतकरी पोळ्यानंतर महिन्याभरांत कर्जापायीं म्हातारा बैल बाजारांत नेतो, हेंही विसरतां कामा नये. कृतज्ञतेस वैरण लागते, आणि वैरण विकत घ्यावी लागते.

कांटनें ही गांठ आपल्या रीतीनें सोडविली. त्याच्या मतें मनुष्येतरांविषयीं आपलें साक्षात् कर्तव्य असें नाहीं. परंतु म्हाताऱ्या घोड्याविषयीं वा कुत्र्याविषयीं कृतज्ञता बाळगणें हें आपल्या स्वतःविषयींचें कर्तव्य आहे, कारण तेथें जो निष्ठुर होतो त्याची माणसांविषयींची वृत्तिही बोथट होते. निर्जीव सुंदर वस्तूंचा निष्कारण विध्वंस करण्याच्या प्रवृत्तीसही त्यानें याच कारणासाठीं दोष दिला. हा विचार आम्हांस बहुतांशीं मान्य आहे, पण इंजिनाच्या बाबतींत तो पुरत नाहीं. बैल आणि वाकस यांच्यामागें एकच धनी असतो. इंजिनामागें अनेक असतात, आणि त्यांचे हेतू एक नसतात.

शकुंतलेचा मार्ग घातला तो वऱ्हाडच्या सुखासाठीं नव्हे. येथील कापूस स्वस्तांत मुंबई बंदरापर्यंत आणि तेथून विलायतेच्या गिरण्यांपर्यंत पोंचावा, हा मूळ हेतु. आणि ज्या मँचेस्टरच्या नांवानें आमच्या विणकरांनीं उसासे टाकले, त्याच मँचेस्टरांत तें इंजिन घडलें. मग त्याचें ऋण तें कसलें? उलट हिशेब आमच्याच बाजूनें निघतो, असें एखादा म्हणूं शकेल, आणि आम्ही त्यास गप्प करूं इच्छीत नाहीं. परंतु साधन मालकाचा हेतु आपल्याबरोबर घेऊन फिरत नाहीं. त्याच डब्यांतून बाजारास जाणारी बाई गेली, परीक्षेस जाणारा मुलगा गेला, माहेरवाशीण गेली, आजारी माणूस मोठ्या गांवच्या डॉक्टराकडे गेला. भट्टींत कोळसा टाकणारे, रुळांखालीं खडी ठोकणारे, रात्रीं कंदील दाखविणारे हात इथलेच होते. कंपनीच्या नफ्याचें ऋण आम्हांवर नाहीं; या हातांचें आहे. इंजिन हें त्या हातांची एक मोठी, डोळ्यांस दिसणारी खूण, एवढाच आमच्या मतें त्याचा हक्क. पण तो हक्क लहान नव्हे.

आतां हा हक्क पाळावयाचा कसा? निवृत्त इंजिनाच्या तीन गति आहेत. पहिली भट्टीची. चित्तरंजनच्या कारखान्यानें रुंद मार्गाचें आपलें शेवटचें वाफेचें इंजिन १९७० सालीं बाहेर काढलें आणि त्यास मोठ्या काव्यमय रीतीनें 'अंतिम सितारा' म्हटलें. १९९५ च्या अखेरीस रुंद मार्गावरील वाफेचा नित्य व्यवहारही संपला. आणि हजारों इंजिनें तुकडे होऊन वितळलीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी ओढणाऱ्या साहिब, सिंध व सुलतान या तिघांपैकीं एकही आज पाहावयास मिळत नाहीं, मग मालगाड्या ओढणाऱ्यांची कथा काय?

दुसरी गति चौथऱ्याची. स्टेशनाबाहेर किंवा संग्रहालयांत काळा-तांबडा रंग देऊन इंजिन उभें करावें. मुलांनीं त्यावर चढावें, आणि पावसाळ्यानें आंतून त्यास सावकाश खावें. नागपुरास मोतीबागेंत २००२ पासून अरुंद मार्गाचें संग्रहालय आहे. तेथील जुनीं इंजिनें भट्टीपासून वांचलीं याबद्दल धन्यवादच दिले पाहिजेत. तरी थंड इंजिन हा ऐन कामांत थांबविलेला देह आहे. तें काय करीत असे हें तें सांगत नाहीं. फक्त केवढें होतें तेवढें सांगतें.

तिसरी गति म्हणजे सहलीच्या गाडीस जुंपणें. महाराष्ट्रांत याचा खरा नमुना नेरळ-माथेरानचा. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें बांधलेली ही दोन फुटी रेल्वे १९०७ सालीं सुरू झाली; वीस फुटांस एक फूट असा चढ आणि अंगाबरोबर वळणारी वळणें, म्हणून जर्मनींतील ओरेनस्टाइन आणि कोपेल यांनीं तिच्यासाठीं चार इंजिनें अशीं बांधलीं कीं त्यांचे कडेचे आंस वळणावर थोडे सरकत. १९८० च्या आसपास तीं निवृत्त झालीं, आणि चारींचीं चारी वांचलीं: एक नेरळास, एक माथेरानास, एक दिल्लीच्या संग्रहालयांत आणि एक, क्रमांक ७४०, थेट इंग्लंडांत लेटन बझर्डच्या हौशी रेल्वेवाल्यांकडे. पुढें या शतकाच्या आरंभीं दार्जिलिंगचें एक वाफेचें इंजिन मुद्दाम नेरळास आणण्यांत आलें, कारण लोकांना धूर हवा होता. या यादींतून एक गोष्ट मनास टोंचते. जीं इंजिनें सुट्टी घालविणाऱ्यांस थंड हवेकडे घेऊन गेलीं, त्यांना आठवण ठेवणारे भेटले. ज्यांनीं सरकी, रुई आणि तिसऱ्या वर्गाचा मनुष्य ओढला, त्यांचें नशीब बहुधा भट्टी. स्मरण करण्यासही फुरसत लागते, आणि फुरसत सर्वांस सारखी वाटलेली नाहीं.

तिसऱ्या गतीवर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं चालतें ठेवलेलें इंजिन तेंच राहत नाहीं. नळ्या गेल्या कीं नव्या, पट्टे गेले कीं नवे, एके दिवशीं बॉयलरच नवा. थीसियसच्या गलबताच्या फळ्या बदलतां बदलतां तें तेंच गलबत राहिलें का, यावर ग्रीक पंडित भांडत, हें सांगणाराही प्लूटार्कच. 'फेअरी क्वीन' हें इंजिन १८५५ सालीं लीड्स येथें बांधलें, १९०९ सालीं निवृत्त झालें, आणि १९९७ सालीं पुन्हा पेटवून दिल्लीहून अलवारकडे सहलीची गाडी ओढूं लागलें. मध्यंतरीं त्याचे भाग चोरीसही गेले आणि नवे बसविले. तें खरें इंजिन कीं त्याची प्रतिकृति? आमच्या मतें प्रश्न चुकीच्या जागीं विचारला जातो. चालत्या इंजिनांत लोखंड जपलें जात नाहीं, विद्या जपली जाते. थंड बॉयलर एकदम तापविला तर पत्रे ताणले जातात, म्हणून पहांटेपूर्वीं उठून विस्तव हळूहळू वाढवावा लागतो. पाण्याची कांच कशी वाचावी, चढ येण्यापूर्वीं किती कोळसा टाकावा, नळ्यांतील क्षार केव्हां धुवावे, हें पुस्तकांतून अर्धेंच कळतें. चौथऱ्यावरील इंजिनास हें कांहीं लागत नाहीं, म्हणून तेथें हें सारें दहा-वीस वर्षांत नाहींसें होतें. खूण जपावयाची ती हातांची असेल, तर हात चालूच राहिले पाहिजेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यानें माणसें आणि माल वाहिला, त्यास नटवून रविवारच्या पाहुण्यांसमोर शिट्ट्या वाजवावयास लावणें हा सन्मान कीं विटंबना? वृद्ध पहिलवानास जत्रेंत दंड थोपटावयास लावल्यासारखें हें नव्हे काय? इंजिनापुरती ही शंका आम्हांस छळीत नाहीं; त्याला लाज नाहीं. पण कारंजाच्या फलाटावर उभ्या राहणाऱ्या माणसाची शंका तशी नाहीं. स्वस्त भाड्याची जी एकमेव गाडी त्याच्या खेड्यावरून जात होती ती बंद झाली; आणि आतां त्याच रुळांवर दुरून आलेल्या लोकांसाठीं, भारी तिकिटाची, शोभेची गाडी चालली, तर त्यानें तीस काय म्हणावें? जी मंदगति त्याला वर्षानुवर्षें सोसावी लागली, ती पाहुण्यांना मौज वाटते. शकुंतलेविषयीं हळवेपणानें बोलणारे पुष्कळ जण तिच्यांतून रोज कधीं गेलेले नाहींत; आम्हांस त्यांच्या हळवेपणाचा राग नाहीं, पण तो फुकट मिळालेला आहे हें त्यांनीं ओळखावें.

म्हणून क्रम असा असावा, असें आम्हांस वाटतें. आधीं गाडी, मग इंजिन. वाशीम गांवच्या लोकांना हा क्रम ठाऊक आहे: अकोला-पूर्णा मार्ग २००८ सालीं रुंद झाला, तेव्हां जुन्या मीटर गेजसाठीं उसासे टाकणारे थोडे होते, आणि थेट गाडींत बसणारे पुष्कळ. कारंजाकरांची रुंद मार्गाची मागणी प्रथम ऐकली पाहिजे, आणि ती ऐकतांना कोणी वारशाच्या नांवानें आडवें येऊं नये. परंतु मार्ग रुंद होतांना मूर्तिजापुराच्या बाजूस पांच-दहा मैलांचा अरुंद तुकडा राखून तेथें एक झेड-डी पेटती ठेवतां येणार नाहीं, असें नाहीं. मात्र तीवर काम करणारीं माणसें बाहेरून आणूं नयेत, तिकीट गांवच्या मुलास परवडावें, आणि कापसाचा इतिहास, कंपनीचा नफा व कोळसा ओढणाराची मजुरी यांसह, तेथें सरळ मराठींत लिहिलेला असावा. खर्च येईल, वैरण विकत घ्यावी लागते हें आम्हीं वर म्हटलेंच आहे.

हें करावयाचें तर फार वेळ नाहीं. एप्रिल १९९४ मध्यें त्या इंजिनांत विस्तव घालणारा एखादा फायरमन तेव्हां पंचविशीचा असेल, तर आज तो साठीच्या आसपास आला.