हार्बिनला निघालेल्या नातीस

दापोरा, जि. बुऱ्हाणपूर



जानेवारीत कंपनीच्या कामाने तुला चीनमधल्या हार्बिनला जायचंय, हे तुझ्या आईकडून कळलं. ती फार धास्तावली आहे. आपल्याकडे पारा १० अंशांच्या आसपास आला की केळीच्या बागेत धूर करायची वेळ येते. तिथे जानेवारीत भर दुपारी उणे १२-१३ आणि रात्री उणे २४-२५ हे नेहमीचंच. वीजकेंद्राच्या टर्बाइनच्या तपासणीसाठी मी ऐन हिवाळ्यात तिथे राहिलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. आकड्याला भिऊ नकोस. माणसाला बाधतात ते ओल आणि वारा. हे दोन्ही अंगापासून लांब ठेवलेस, तर उणे २० मध्येही खुशाल हिंडता येतं.

आपण कापसाच्या मुलखातले. सुती बनियन आणि सुती मोजे यांवर आपला भरवसा. तिथे ते अंगालगत नकोत. सूत घाम पिऊन घेतं, लवकर वाळत नाही, आणि ओलं सूत अंगातली ऊब ओढून नेतं. अंगालगत बारीक लोकरीची किंवा पॉलिस्टरची थर्मल घाल, त्यावर लोकरी स्वेटर, आणि सगळ्यांवर मांड्यांपर्यंत येणारं पिसांचं जाकीट. जाकिटाचं बाहेरचं कापड वारा अडवणारं आहे ना, ते नीट पाहून घे. केळीच्या बागेला कडेने शेवरी लावतो, तसं काम त्या कापडाचं. आत कितीही कपडे असोत, वारा शिरला की सगळी ऊब गेली.

आता खरी गोम सांगतो. हार्बिनमध्ये २० ऑक्टोबर ते २० एप्रिल घरोघरी नळांतून गरम पाणी फिरवून खोल्या तापवतात. दुकानं आणि खानावळींच्या दाराला कापूस भरलेले जाड पडदे असतात. ते दोन्ही हातांनी सारून आत शिरावं तर लोक साध्या सदऱ्यावर बसलेले! नवखा माणूस थंडीच्या धाकाने जाकीट, टोपी, मफलर यांतलं काहीच न काढता तासभर जेवत बसतो, आतून घामाने भिजतो आणि तसाच बाहेर पडतो. आजारपण येतं ते तिथे. तू आत पाऊल टाकलंस की आधी जाकीट आणि टोपी काढ. बाहेर भराभर चालून गरम व्हायला लागलं, तर घाम फुटायच्या आधी गळ्याशी चेन थोडी उघड. हा कंटाळा मात्र करू नकोस.

बूट एक नंबर मोठे घे; जाड लोकरी मोज्यांवर घट्ट बूट चढवले तर रक्त फिरत नाही आणि बोटं आधी गारठतात. गोठलेल्या फुटपाथवर छोटी पावलं टाक, तळवा सपाट ठेव, हात खिशाबाहेर. कान, नाक, बोटं बधिर होऊन पांढरी पडली तर चोळू नकोस, शेगडीवर धरू नकोस. आत जाऊन कोमट पाण्यात ठेव आणि डॉक्टर गाठ. दारूने ऊब येते असं कुणी सांगेल. ऐकू नकोस. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात आणि शरीराची उष्णता उलट लवकर जाते.

फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेव. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते, आणि तिथे हल्ली भाजीवाल्यापर्यंत सगळे पैसे फोनवरच चालतात. अलीपे इथूनच सुरू करून, त्याला कार्ड जोडून जा. थोडे रोख युआन मात्र जवळ हवेतच. सगळ्या चीनला घड्याळ एकच आणि हार्बिन पार पूर्वेला, शिवाय उत्तरेला. त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला चारच्या सुमारासच दिवस मावळतो. बाहेरची कामं सकाळीच उरकून घे.

खाण्याची काळजी नको. बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची यांची 'दी सान शियान' नावाची भाजी तिथे सगळीकडे मिळते. खानदेशी जिभेला वांगं भेटलं की बरं वाटतं. 'मांस नको, मांसाचं पाणीही नको' एवढं चिनीत लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेव. थर्मास मात्र विसरू नकोस. रेल्वे स्थानकांत आणि गाड्यांत उकळतं पाणी फुकट मिळतं.

परतताना बीजिंगला एखादा दिवस हाताशी असेल, तर वेगवान गाडीने शिच्याच्वांगला जाऊन ये. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक तिथे आहे. चीन-जपान युद्धाच्या काळात, १९३८ साली भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. उत्तर चीनच्या त्याच थंडीत, डोंगरातल्या खेड्यांत, औषधांची टंचाई असताना कोटणिसांनी जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले, तेव्हा वय अवघं ३२. माझ्या वतीने तिथे फुलं वाहा.

पोचल्याचं कळव. व्हॉट्सॲप तिथल्या इंटरनेटवर बंद असतं. तेव्हा इथल्या सिमचं रोमिंग निघण्याआधीच सुरू करून घे.

तुझा,
आजोबा

ता. क. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेव. जून २०२५ पासून चीनमधल्या देशांतर्गत विमानांत '३सी' शिक्का नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत, आणि बीजिंगहून पुढे तुझं विमान तसलंच आहे. शिक्का नसेल तर ती घरीच ठेव, तिथे पोचल्यावर नवी घे.