गंज आणि झीज

जुन्या यंत्राच्या अंगावर दोन प्रकारच्या खुणा असतात. एक गंजाची आणि दुसरी झिजेची. दोन्ही काळाने केलेल्या म्हणून सारख्याच मानल्या जातात, आणि यंत्राच्या जीर्णोद्धारास बसलेला माणूस बहुधा त्या दोन्ही एकाच फडक्याने पुसून टाकतो. परंतु गंज हा यंत्र पडून राहिल्याचा पुरावा असतो, तर झीज ही त्याने काम केल्याची साक्ष असते. हा भेद ओळखणे हे जितके कारागिरीचे तितकेच नीतीचेही काम आहे. जुनी वस्तू पुन्हा उभी करणे म्हणजे नेमके काय करणे, या प्रश्नाकडे जाणारी एक वाट या भेदातून निघते.

उदाहरणादाखल चामड्याची कड तासणारे एक यंत्र घ्यावे. पादत्राण असो, पिशवी असो, पाकीट असो की पुस्तकाची चामडी बांधणी असो. चामड्याची कड कोठे तरी दुमडावी लागते किंवा एका तुकड्यावर दुसरा तुकडा चढवावा लागतो. पूर्ण जाडीचे चामडे दुमडले तर तेथे उंचवटा राहतो, शिवण बिघडते आणि बुटाच्या आत तोच उंचवटा पायाला डाचतो. म्हणून कडेची जाडी मांसाकडच्या बाजूने उतरती करीत न्यावी लागते. दीड मिलिमीटरचे चामडे कडेशी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणताना वरची गुळगुळीत त्वचा मात्र अभंग राहिली पाहिजे. शतकानुशतके हे काम चर्मकाराच्या हातातील रापीने होत आले आणि आजही पुष्कळ ठिकाणी होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत, श्टुटगार्टलगतच्या कानश्टाट येथे आल्बर्ट हिर्ट यांनी उभारलेल्या 'फोर्टुना' कारखान्याने हे काम करणारे यंत्र नावारूपाला आणले. कारखान्यांतून त्याला 'स्कायव्हिंग मशीन' म्हणतात. आग्रा, कानपूर, चेन्नई, कोलकाता किंवा मुंबईतील धारावी, जेथे जेथे चामड्याच्या वस्तू बनतात तेथे तेथे या जातीची यंत्रे ओळखीची आहेत.

या यंत्राचा प्राण म्हणजे त्याचे पाते. ते सुरीसारखे सपाट नसून घंटेसारखे पोकळ आणि गोल असते व त्याच्या कडेला सर्व बाजूंनी धार असते. हे पाते स्वतःभोवती वेगाने फिरते. एक लहान खरखरीत चाक चामडे धारेकडे ओढीत नेते आणि शिवणयंत्रात असतो तसा एक पोलादी पाय ते वरून दाबून धरतो. पाय आणि धार यांमधील अंतर हीच उरणाऱ्या कडेची जाडी. यंत्रातच धार लावणारा दगड बसवलेला असतो. पाते फिरत असतानाच तो त्याला टेकवता येतो. धार लागताना पात्याचा थोडा अंश दरवेळी नाहीसा होतो, म्हणून पाते वेळोवेळी पुढे सरकवावे लागते. अशा रीतीने पुढे सरकत सरकत एक दिवस ते संपते. धार टिकवण्यासाठी पात्याला स्वतःचा देह थोडा थोडा देत राहावे लागते. जे पाते वर्षानुवर्षे पूर्ण रुंदीचे राहिले, ते जपले गेले असे नव्हे. ते कामालाच लागले नाही.

असे एखादे यंत्र गोदामाच्या कोपऱ्यात पंचवीस-तीस वर्षे पडून राहिले आणि कोणी ते दुरुस्त करावयास घेतले, तर पहिला प्रश्न तत्त्वज्ञानाचाच उभा राहतो. पाते नवे घालावे लागते. ओढणारे चाक उरत नाही. पट्टा कुजलेला असतो, बेअरिंग खिळखिळी झालेली असतात आणि मोटर बदलावी लागते. शेवटी मूळचे म्हणून बिडाचे ओतीव धड तेवढे राहते. मग यास जुने यंत्र कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? प्लूटार्कने थीसियसच्या नौकेविषयी हाच पेच नोंदवून ठेवला आहे. एकेक फळी बदलत गेलेली नौका तीच की दुसरी, यावर तत्त्वज्ञांत दोन पक्ष पडले. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाचे उदाहरण देतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, आणि या भागांवाचून निराळा असा रथ कोठे सापडतही नाही. त्या साऱ्यांच्या आधाराने चालणारे ते एक नाव आहे. या दृष्टीने पाहिले असता, पाते बदलल्याने यंत्राचे स्वत्व हरपले असे म्हणण्यास आधार राहत नाही. संपणारे आणि बदलले जाणारे पाते ही त्या यंत्राच्या रचनेतच गृहीत धरलेली गोष्ट आहे.

हायडेगरने १९२७ च्या आपल्या ग्रंथात हातोड्याचे उदाहरण घेऊन दाखवले आहे की, साधन नीट चालत असते तेव्हा ते वापरणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. त्याचे लक्ष कामावर असते. साधन मोडले म्हणजेच ते 'वस्तू' म्हणून डोळ्यांत भरते. यावरून जीर्णोद्धाराच्या एका मोहाची उकल होते. मोडलेले यंत्र पाहण्याजोगे झालेले असते. त्यामुळे ते अधिकच पाहण्याजोगे करावे असे वाटू लागते. झगमगीत रंग, लखलखीत पितळ, दिवाणखान्यातील कोपरा! जुन्या शिवणयंत्रांचे सांगाडे उपाहारगृहांत मेजांचे पाय होऊन उभे आहेत, ते याच मोहातून. तेथे यंत्राला रूप मिळाले खरे, परंतु काम मिळाले नाही. आणि काम न मिळालेले यंत्र रंगाखालीही मोडलेलेच राहते.

इमारतींच्या संदर्भात हा वाद फार पूर्वीच झडला आहे. फ्रान्समध्ये व्हियोले-ल-द्यूक याने जीर्णोद्धार म्हणजे वास्तू अशा पूर्णत्वास नेणे मानले, की जे पूर्वी कधी प्रत्यक्षात नसले तरी चालेल. त्याच्याही आधी १८४९ मध्ये इंग्लंडमध्ये रस्किनने असल्या जीर्णोद्धाराला सर्वांत वाईट विनाश ठरवले होते. काळाने आणि माणसांनी केलेल्या खुणा पुसणे त्याला असत्य वाटत होते. पुढे १९६४ च्या व्हेनिस सनदेने, जेथे तर्काने कल्पना करावी लागते तेथे हात थांबवावा, आणि नवा भाग नवा म्हणून ओळखू यावा, असा मध्यममार्ग सांगितला. परंतु हे सारे विवेचन मंदिरे, चर्च आणि राजवाडे यांना समोर ठेवून झाले. यंत्राचा प्रश्न त्याहून निराळा आहे. भग्न मंदिर भग्न राहूनही अर्थ सांगू शकते. कड न तासणारे तासणीयंत्र मात्र आपला अर्थच गमावून बसते. रस्किनचा आग्रह यंत्राच्या बाबतीत तंतोतंत पाळला तर ते कायमचे मुके राहील. व्हियोले-ल-द्यूकचा पाळला तर ते खोटे बोलेल.

म्हणूनच गंज आणि झीज यांचा विवेक येथे उपयोगी पडतो. गंज काढावा; त्यात कोणाचेही श्रम साठवलेले नसतात. तो केवळ विस्मरणाचा थर असतो. झीज मात्र पारखून घ्यावी. बेअरिंगची झीज ठेवली तर पाते डुगडुगेल, एकाच तुकड्याची कड कोठे जाड कोठे पातळ होईल आणि यंत्र आपल्या कामाशी बेइमान होईल. ती झीज बदललीच पाहिजे. परंतु पायडलवर टाचेने पाडलेला खळगा, चामडे सरकून सरकून जेथला रंग उडाला तो पत्रा, बोटे नित्य टेकत तेथे गुळगुळीत झालेली बिडाची कड, यांनी कामात काहीही अडत नाही. त्या खुणा नव्या रंगाखाली बुजवणे ही स्वच्छता नव्हे. तो एका हस्तलिखितावर फिरवलेला बोळा आहे.

'हस्तलिखित' हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. यंत्र घडवणाऱ्या कारखान्याचे नाव बिडावर ठळकपणे ओतलेले असते. ते चालवणाऱ्यांची नावे कोठेही नसतात. चामड्याच्या धंद्यात तर हे मौन अधिकच गडद आहे. संत रोहिदासांसारखा एखादा पुरुष, ज्यांची पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली, हा अपवाद. बाकीच्या असंख्य हातांनी मागे ठेवलेले अक्षर म्हणजे ही झीजच. महाराष्ट्रात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, आणि त्याच महाराष्ट्रात हत्यार चालवणाऱ्या हाताची सावली विटाळाची मानली गेली. मोटेचे चामडे विहिरीत उतरत होते, त्या पाण्यावर मळे पिकत होते. मोट शिवणाऱ्याला मात्र त्याच विहिरीची पायरी बंद होती. जातिव्यवस्था कामे वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांनाच एकाखाली एक अशा श्रेणींत बांधून टाकते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये स्पष्ट केले. १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली; पण साधनाला पूज्य आणि श्रमिकाला अदृश्य मानण्याची सवय कायद्याच्या एका वाक्याने जात नाही. जुने यंत्र चकचकीत करून त्यावरील हाताच्या खुणा तेवढ्या मिटवणे, हे या सवयीचेच एक सभ्य रूप आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. भूतकाळाच्या खुणा जपावयाच्या तर भूतकाळाची क्रूरताही जपावयाची काय? जुन्या यंत्राचा पट्टा उघडा असतो. त्यात बोट किंवा पदर सापडू शकतो. तासलेल्या चामड्याची बारीक धूळ कामगाराच्या नाकातोंडात जाते, आणि कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने चामड्याच्या धुळीची गणना माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांच्या पहिल्या गटात केली आहे. मूळ रूपाशी इमान राखण्यासाठी पट्ट्यावर झाकण घालावयाचे नाही, धूळ ओढून घेणारी नळी बसवावयाची नाही, असे कोणी म्हटले तर त्याने लोखंडाशी इमान राखले आणि माणसाशी तोडले असे होईल. झीज जपावयाची ती तिच्यामागील हातासाठी. तो हात आदरणीय असेल तर पुढे त्याच ठिकाणी येणारा हातही आदरणीय आहे. झाकण आणि नळी या नव्या गोष्टी नव्या म्हणूनच दिसू द्याव्यात. त्यांत लपवण्यासारखे काही नाही. जुन्या खुणेशेजारी हे नवे झाकण उभे राहिले म्हणजे यंत्राच्या अंगावर एक पश्चात्तापही नोंदला जातो, आणि तो मूळच्या रंगापेक्षा अधिक सत्य असतो.

जीर्णोद्धार या शब्दातील 'उद्धार' याचा अर्थ वर काढणे असा आहे. गोदामाच्या अंधारातून लोखंड वर काढणे सोपे असते. रॉकेल, वंगण, नवे पाते आणि थोडा धीर एवढ्याने ते साधते. त्याच्याबरोबर त्या लोखंडापाशी उभे राहून आयुष्ये झिजवलेल्या माणसांना विस्मृतीतून वर काढणे अवघड. ते पूर्णपणे कधीच साधत नाही, कारण नावे गेलेली असतात. तरीही दुरुस्त करणाऱ्याच्या हाती एक निर्णय असतो. पायडलवरील खळगा भरून काढावयाचा की तसाच ठेवावयाचा, हा तो निर्णय. तो ठेवला, तर उद्या त्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाची टाच आपसूक त्याच खळग्यात विसावते, आणि आपल्याआधी येथे कोणी तरी काम करीत होते हे त्याला कोणी न सांगता कळते.