कीटकांची शेती आणि अहिंसेचा विवेक

मनुष्याने काय खावे आणि काय खाऊ नये, हा प्रश्न आपल्याकडे केवळ आरोग्याचा असा कधीच मानला गेला नाही. तो धर्माचाही मानला गेला. अलीकडे या जुन्या प्रश्नास एक नवे अंग फुटले आहे. शेळ्या-कोंबड्यांप्रमाणे कीटक पाळावेत आणि त्यांपासून मनुष्यास लागणारी प्रथिने मिळवावीत, असे सांगणारे जाणते लोक जगात पुष्कळ आहेत. हे ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या तोंडून 'शिव शिव' असा उद्गार निघेल. परंतु एखाद्या गोष्टीची किळस वाटणे निराळे आणि ती अधर्माची ठरणे निराळे. किळस क्षणभर बाजूस ठेवून हा विषय तोलून पाहावा, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. थायलंडात रातकिडे पाळण्याचा धंदा १९९८ च्या सुमारास रुजला. सिमेंटच्या हौदांत अंडी ठेवण्याचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचतात. त्यांच्या खाचांत हे किडे राहतात. त्यांस कोंबड्यांचे खाद्य घालतात. सुमारे दीड महिन्यात ते वाढले, की गोळा करून उकळत्या पाण्यात टाकतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ साली दिलेल्या माहितीनुसार त्या देशात असे सुमारे २०,००० शेतकरी होते. युरोपीय संघानेही २०२१ साली पिठातील पिवळ्या अळीस आणि २०२३ साली रातकिड्याच्या पुडीस खाद्य म्हणून मान्यता दिली.

या धंद्याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे पोकळ नाही. गुरांचे वजन एक किलो वाढण्यास सुमारे आठ किलो खाद्य लागते, तर कीटकांस सुमारे दोन किलो पुरते. कारण अंग उबदार ठेवण्यासाठी त्यांस अन्न जाळावे लागत नाही. जमीन आणि पाणीही थोडे लागते. पृथ्वीवरील भार हलका करणे हेही धर्मकार्यच आहे, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढणे सोपे नाही.

परंतु येथेच हिशेबाची दुसरी बाजू पुढे येते. एका बोकडापासून दहा-बारा किलो मांस मिळते. तितक्याच वजनाचे रातकिडे घ्यावयाचे, तर दहा हजारांहून अधिक जीव मारावे लागतात. एका प्राण्याच्या जागी दहा हजार! हे पुण्य की पाप, याचे उत्तर एका कीटकाच्या जिवाचे वजन आपण किती धरतो यावर अवलंबून आहे.

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. चोरीचा खोटा आळ येऊन त्यांस सुळावर चढविण्यात आले. 'माझ्या कोणत्या कर्माचे हे फळ?' असे त्यांनी यमधर्मास विचारले, तेव्हा लहानपणी कीटकांच्या अंगात गवताची काडी टोचल्याचे हे फळ होय, असे उत्तर मिळाले. लहान अपराधास एवढा मोठा दंड दिला म्हणून मांडव्यांनी यमालाच शाप दिला, आणि चौदा वर्षांपर्यंतच्या बालकास पाप लागू नये अशी मर्यादा घातली. या कथेतून दोन गोष्टी निघतात. कीटकाची वेदना धर्माच्या वहीत नोंदली जाते, ही पहिली. आणि तिची नोंद प्रमाणात व्हावयास हवी, ही दुसरी. कीटकाचे मोल मनुष्याएवढे नाही, पण ते शून्यही नाही.

आजचे शास्त्रही शून्याकडे बोट दाखवीत नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांना २०२२ साली असे आढळले, की भुंग्यासारख्या मोठ्या मधमाश्या कोणतेही बक्षीस नसता लहान गोळे पुन्हा पुन्हा लोळवितात. हा त्यांचा खेळच असावा, असे त्यांनी मांडले. मधमाशी म्हणजे रातकिडा नव्हे. तरी कीटक म्हणजे चालते यंत्र, असे बेधडक म्हणण्याचे दिवस गेले.

यावर कोणी म्हणेल, 'नांगराच्या फाळाखाली किडे मरतातच. मग डाळभात तरी कोठे निर्दोष आहे?' हा आक्षेप जुना आहे. वनपर्वातील धर्मव्याध कौशिक ब्राह्मणास हेच सांगतो, की शेतीतही हिंसा आहे. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी गृहस्थाकडून नकळत जीव मरतात, म्हणून त्यास पंचमहायज्ञ सांगितले. परंतु शास्त्रकारांनी या पाचांस दोषच म्हटले, त्यांस व्यवसायाची मुभा केली नाही. जे टळत नाही ते कमी करीत जावे. जे टळण्याजोगे आहे ते मुद्दाम वाढवू नये, हाच त्यातील विवेक आम्हांस दिसतो.

या कसोटीवर पाहिले तर उत्तर सर्वांस एकच येत नाही. ज्याच्या प्रदेशात दुसरे पोषक अन्न मिळत नाही, त्याने कीटक खाल्ले तर त्यास दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. पण ज्याच्या घरी तुरीची डाळ शिजते, त्यास ही नवी हिंसा कशासाठी? डाळीत शंभर भागांत सुमारे बावीस भाग प्रथिने असतात, आणि रातकिड्यांस घालावयाच्या खाद्यातील मका व सोयाबीन मनुष्यही खाऊ शकतो.

मात्र थायलंडच्या शेतकऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण आपल्या सोवळ्याच्या दांडीकडे पाहिले पाहिजे. तेथे मुकटा किंवा पीतांबर वाळत असतो. कोशातील अखंड तंतू मिळावा म्हणून आतला जीव वाफेने वा उष्णतेने मारतात. एक किलो रेशमास असे सुमारे पाच हजार कोश लागतात. हीसुद्धा कीटकांची शेतीच आहे, आणि आपण ती देवापुढे नेसून बसतो. आसामात एरी रेशमाच्या किड्याचा कोश एका टोकास उघडा असल्याने जीव न मारताही सूत काढता येते. तरी तेथे आतला किडा पुष्कळदा काढून खातात. त्यांस हसावे, तर त्यांनी निदान काही वाया घालविलेले नाही. हैदराबादचे कुसुम राजय्या यांनी पतंग उडून गेल्यावर कोशांचे सूत काढण्याची रीत पुढे आणली. त्या कापडास झळाळी कमी आणि किंमत अधिक.

आमचे घर पूजेवर चालणारे आहे, म्हणून हा प्रश्न आम्हांस दुरून पाहता येत नाही. स्नानोत्तर सोवळ्याने वाळविलेले सुती वस्त्र किंवा लोकरीची धाबळी आपल्या आचारात पूर्वीपासून चालत आली आहे. कापसावरही किडीचे औषध फवारले जाते, हे आम्ही जाणतो. पण तेथे जीव मारणे हे सूत काढण्याचे साधन नसते. वडिलोपार्जित मुकटा टाकून द्यावा असे आम्ही म्हणत नाही, कारण त्याने कोणताही जीव परत येणार नाही. परंतु मुंजीस किंवा लग्नास नवे सोवळे घेण्याची वेळ येईल, तेव्हा प्रत्येक कुटुंबाने एकदा हा विचार अवश्य करावा, आणि देवस्थानच्या मंडळीनेही सुती सोवळ्यास कमी लेखू नये, अशी आमची नम्र सूचना आहे.