क्षमेची घाई

‘शेवटी जन्मदाते आहेत, सोडून दे आता.’ लहानपणी घरात मारहाण, व्यसन किंवा अखंड धाक सोसलेला माणूस तिशी-पस्तिशीत प्रथमच त्याबद्दल बोलू लागतो, तेव्हा नातेवाईक हेच ऐकवतात. काही समुपदेशकही ऐकवतात, आणि ते मला अधिक गंभीर वाटतं. क्षमेपासून सुरू होणारा उपचार हा त्या माणसावर नव्याने लादलेला अन्याय आहे.

या दुखण्याची व्याप्ती उघड झाली ती वजन घटवण्याच्या एका दवाखान्यातून. १९८०च्या दशकात सॅन दिएगोच्या कायझर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांच्या लक्षात आलं, की ज्यांचं वजन छान उतरतंय तेच रुग्ण मध्येच येणं बंद करतात. चौकशी केली, तेव्हा त्यांतल्या अनेकांनी बालपणीच्या लैंगिक अत्याचारांबद्दल सांगितलं. पुढे रॉबर्ट अँडा आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी केलेला अभ्यास १९९८मध्ये प्रसिद्ध झाला. बालपणी चार किंवा अधिक प्रकारच्या आघातांतून गेलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. अभ्यासात सहभागी झालेले लोक बहुतांशी विमाधारक मध्यमवर्गीय होते. ‘चांगल्या घरांत असं होत नाही’ हा समज तिथेच खोटा ठरला. मात्र असे आघात मोजून एखाद्या व्यक्तीचं भविष्य सांगता येत नाही, हे २०२०मध्ये खुद्द अँडा यांनीच बजावलं.

मग उपचार कसा व्हावा? मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२मध्ये त्याचे टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, नंतर आठवणी आणि शोक, शेवटी जगाशी पुन्हा नातं. हा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्याच भेटीत ‘सगळं सांगून मोकळे व्हा’ म्हणणारा थेरपिस्ट जखम उघडी टाकून रुग्णाला घरी पाठवतो. जाणता थेरपिस्ट आज काय करणार ते आधी सांगतो, ‘थांबा’ म्हटल्यावर थांबतो, रुग्णाला दाराजवळची खुर्ची हवी असेल तर देतो. ज्याच्या ‘नको’ला घरात कधी किंमतच नव्हती, त्याच्यासाठी हाच उपचाराचा गाभा आहे.

आपल्याकडे अडचण पहिल्याच टप्प्यावर येते. ज्यांनी मारलं ते वडील आजही पलीकडच्याच खोलीत असतात. आता ते म्हातारे झालेले, मधुमेहाची गोळी मुलीच्याच हातून घेणारे. दोन खोल्यांच्या घरात ऑनलाइन सेशन कुठे करायचं? अशा वेळी ‘घर सोड’ हा सल्ला बहुतेकांना परवडत नाही आणि ‘जुळवून घे’ हा त्यांना मोडतो. यांच्यामधली वाट बारीकसारीक गोष्टींची असते: दाराला आतून कडी, स्वतःच्या नावाचं बँक खातं, भांडण पेटलं की जाता येईल असं मैत्रिणीचं घर, कुणी ऐकणार नाही अशा जागेवरून केलेला फोन. थेरपीच्या पुस्तकांत याला फारशी जागा नसते. आपल्या समुपदेशकांनी ती द्यायला हवी.

वडिलांची सेवा करणारी मुलगी त्यांना क्षमा करतेच असं नाही. करावीच, असंही नाही. उद्या तिला तसं वाटलं, तर तो तिचा निर्णय असेल.

या दिवाळीत तुमच्या ओळखीचं कुणी आईवडिलांकडे गेलं नसेल, तर कारण विचारू नका. फराळाला बोलवा. आणि त्या व्यक्तीने मदत मागितलीच, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.