अंतर विमानाचे आणि अंतर मनाचे

सज्जनहो, 'अंतर' हा शब्द मोठा गमतीचा आहे. संस्कृतात अंतर म्हणजे दोन वस्तूंमधला दुरावा, आणि अंतर म्हणजेच आतले, अंतःकरण. दोन्ही अर्थ एकाच घरात नांदतात. आज त्याचाच थोडा विचार करू.

नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून पुण्याचा लोहगाव विमानतळ सरळ रेषेत सुमारे 600 कि.मी. विमानाला ना नदी आडवी येते ना घाट. वर चढल्यावर ते तासाला 800 कि.मी.च्या आसपास धावते. त्रैराशिक मांडले तर पाऊण तासाचा हिशेब. पण वेळापत्रकात सव्वा-दीड तास लिहितात. का बरे? धावपट्टीपर्यंत जायचे, वर चढायचे, उतरताना वेग आवरायचा, कधी आभाळातच ताटकळायचे, वारा सामोरा आला तर त्याच्याशी झगडायचे. हे सारे त्यात धरावे लागते. भंडाऱ्याच्या माणसाने आणखी बेरीज करावी. नागपूरपर्यंत सुमारे 60 कि.मी. सडक, तपासणीसाठी दीड-दोन तास आधी हजेरी, पुण्यात उतरल्यावर घरापर्यंतची गर्दी. दीड तासाचे पाच-सहा तास होतात. तरी सूर्य मावळायच्या आत माणूस घरी!

मग दुरावा उरला कुठे? पवनीकडे कीर्तन आटोपल्यावर एका म्हाताऱ्या मायने आम्हाला पुसले, "महाराज, पोरगा म्हणते, माय, मी इमानानं दीड तासाच्या वाटेवर आहो. मंग तीन दिवाळ्या झाल्या, येत काहून नाही?" आम्ही काय उत्तर देणार?

कोणी म्हणेल, भाडे परवडत नाही, रजा मिळत नाही. खरे आहे. ज्याची अडचण खरी, त्याला दोष नाही. पण 1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, ती आठवा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथून निघालेली विमाने रात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि सकाळपर्यंत माघारी जात. 1973 पर्यंत हा क्रम चालला. तेव्हा आमच्या खेड्यातला माणूस विमानात बसत नव्हता, पण त्याच्या लेकाचे चार ओळींचे पत्र मात्र विमानात बसून येई. शरीर अडले तरी अंतःकरण अडत नसे. आज फोन तर खिशातच आहे.

आता सिद्धांत ऐका. पुंडलिक कुठे गेला होता? कुठेच नाही. तो आईबापांचे पाय चेपीत बसला, आणि वैकुंठीचा देव अंतर तोडून त्याच्या दारी आला, विटेवर उभा राहिला. वैकुंठ किती कोस, हे कोणी मोजले? जिथे सेवा, तिथे दुरावा नाही. म्हणून बाबांनो, वाट किती तासांची हे विमानवाल्यांना विचारा. पाऊल केव्हा उचलायचे हे मात्र आपल्या अंतराला विचारा. येत्या दिवाळीला दिवा लावताना माय दाराकडे पाहील, एवढे ध्यानात ठेवा.

रामकृष्णहरि.